धीराच्या बायका

दसरा त्या वर्षी आठवड्याच्या मधेच येऊन गेला आणि एडिसनमध्ये तो रविवारी साजरा झाला. अमेरिकेत देवांनासुद्धा वीकएंडपर्यंत ताटकळावं लागतं. प्रतिमानं शनिवारी चक्का टांगला, जायफळ आणायला आयसेलिनला चक्कर मारली, आणि रविवारी सकाळी पुऱ्यांची कणीक मळताना तिच्या लक्षात आलं की आज सणासुदीचं आपण एका बाईला फसवणार आहोत.

बाई म्हणजे तिची नणंद, वीणा. तिला जेवायला बोलावलं होतं. वीणाचा नवरा गिरीशही येणार आहे, हे मात्र सांगितलं नव्हतं. तो आदल्या संध्याकाळीच ओहायोतल्या कोलंबसहून विमानानं आला होता आणि आता बैठकीत प्रतिमाच्या नवऱ्यासमोर, नरेंद्रसमोर बसून, मांडी न हलवता, पेपर वाचत होता.

चार महिन्यांपूर्वी वीणा ओहायोतल्या डब्लिनमधलं चार बेडरूमचं घर सोडून, आठ वर्षांच्या दीपाला आणि एका सुटकेसला घेऊन भावाच्या दारात उभी राहिली होती. गिरीशनं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, आणि नरेंद्रच्या मते विषय तिथेच संपत होता. गिरीश फक्त बोलायचा नाही. एकदा तो एक्केचाळीस दिवस बोलला नव्हता. म्हणजे दीपाशी बोलायचा. 'दीपा, आईला सांग, आमटीत मीठ नाही.' आई दोन फुटांवर उभी. दीपा मान वळवून आईला सांगायची, आई काय म्हणाली ते मान वळवून बाबांना सांगायची. सातव्या वर्षी पोरगी दुभाषी झाली होती.

"जरा रिझर्व्ड आहे तो," नरेंद्र म्हणाला होता.

भावाकडे वीणा जेमतेम दोन आठवडे टिकली. नरेंद्र रोज ओहायोला फोन करून तिची खबर देतो, हे कळल्यावर तिनं एका लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी धरली आणि राहायला गेली ती थेट प्लेनफिल्डमध्ये, एका काळ्या बाईच्या घरात, वरच्या मजल्यावर. ही बाई बस चालवायची. वीणा रोज त्याच बसनं कामाला जायची. एक दिवस शेवटचा स्टॉप आला तरी ती उतरली नाही, नुसती रडत बसून राहिली, तेव्हा ड्रायव्हरबाईनं इंजिन बंद केलं आणि विचारलं, "रडायला जागा हवीय की राहायला?"

ही गोष्ट वीणानं फोनवर सांगितली तेव्हा प्रतिमाला हसू आलं होतं. नरेंद्रला आलं नव्हतं. मराठी मंडळाच्या पिकनिकला डझनभर बायकांनी तिच्याकडे विषय काढला. एक म्हणाली, "त्यांच्यात नवरे नसतातच ना." दुसरी म्हणाली, "आणि चेक सरकारचे, घरबसल्या." प्रतिमाला उलट बोलायला तोंड नव्हतं. ऑगस्टमध्ये ती स्वतः दीपासाठी विणलेला स्वेटर घेऊन प्लेनफिल्डला निघाली होती. तिथल्या एका चौकात लाल दिवा लागला, कोपऱ्यावर चारपाच माणसं उभी दिसली, आणि प्रतिमानं गाडीची चारही दारं आतून लॉक केली. खट, खट, खट, खट. पेपर वाचत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि टोपी काढून तिला नमस्कार केला. ती तिथूनच मागे वळली. स्वेटर पोस्टानं पाठवला.

गिरीशनं वकिलाकडून एक पत्र टाइप करून आणलं होतं. दीपा कोणाकडे राहणार, याची सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती. मुलगी एका एकट्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या घरात, तिच्या तीन मुलांच्या संगतीत, अयोग्य वातावरणात राहते असं आम्ही जबाबदारीनं सांगतो, असं त्यात होतं. खाली सह्यांसाठी दोन ओळी कोऱ्या होत्या. एक डॉक्टर नरेंद्रची, एक प्रतिमाची. बैठकीतल्या टीपॉयवर पानदानाखाली ते पत्र ठेवलेलं होतं.

"आईच्या भावानं आणि भावजयीनं लिहून दिलं की जज पुढे विचारत नाही," गिरीश म्हणाला होता. हे तो प्रतिमाशी बोलला नाही. नरेंद्रशी बोलला. प्रतिमा तिथेच उभी होती.

बाराच्या सुमाराला एक लांबलचक तपकिरी गाडी घरापुढे येऊन थांबली. वीणा उतरली, दीपा उतरली, आणि ड्रायव्हरच्या बाजूनं एक उंच, रुंद खांद्यांची बाई उतरली. हातात दुकानातल्या केकचा खोका.

"वहिनी, ही लोरेटा," वीणा म्हणाली. "रविवारी बस नसते म्हणून सोडायला आली. मी म्हटलं, जेवूनच जा."

"केक विकतचा आहे," लोरेटा म्हणाली. "मला स्वयंपाक आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. लोकांची फार निराशा होते."

"चर्चमधून आलात का?" काहीतरी बोलायचं म्हणून प्रतिमानं विचारलं.

"नाही. रविवारी मी झोपते. आज तुमच्यामुळे राहिलं."

खिडकीपाशी सरलामावशी बसल्या होत्या. नरेंद्रच्या आईची धाकटी बहीण, वय बहात्तर, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या. अंगावर सुती पाचवारी, त्यावर नरेंद्रचा स्वेटर, पायात पांढरे टेनिस शूज. त्यांनी लोरेटाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गं बाई! ही केवढी! वीणानं हिला कामाला ठेवलीय की हिनं वीणाला?"

"मावशी म्हणतात, सणाच्या शुभेच्छा," प्रतिमानं इंग्रजीत सांगितलं.

लोरेटानं मावशींकडे पाहिलं, मग प्रतिमाकडे. "तुमच्यात शुभेच्छा देताना बोट दाखवतात?"

तेवढ्यात गिरीश दारात येऊन उभा राहिला. वीणाचा हात आपोआप दीपाच्या डोक्यावर गेला.

"वहिनी," ती म्हणाली. एवढंच. प्रतिमाच्या हाताला पीठ लागलेलं होतं आणि ते लपवायला जागा नव्हती.

"जायचं का?" लोरेटानं किल्ल्या वाजवल्या.

वीणानं दीपाच्या डोक्यावरचा हात काढला. "नाही. जेवायला बोलावलंय. जेवून जाऊ."

जेवायला सगळे एका टेबलाला बसले, कारण दुसरं टेबलच नव्हतं. नरेंद्र टोकाला, शेजारी गिरीश, मग दीपा, मग वीणा. समोर मावशी आणि लोरेटा. प्रतिमा पुऱ्या तळत आत-बाहेर करत होती.  लोरेटानं बटाट्याची भाजी दोनदा घेतली. मग गिरीश पाणी प्यायला आणि त्यानं घसा साफ केला.

"दीपा, आईला सांग, घरच्या गोष्टीत परक्या बाईला आणायचं कारण नव्हतं."

दीपानं हातातली पुरी खाली ठेवली. पाठ ताठ केली, मान आईकडे वळवली आणि तोंड उघडलं. ते सगळं इतक्या सवयीनं झालं की हातात झारा घेऊन दारात उभी असलेली प्रतिमा जागच्या जागी थिजली. अठरा वर्षं डॉक्टरच्या घरात राहून तिनं बऱ्याच आजारांची नावं ऐकली होती. याचं नाव तिला माहीत नव्हतं.

"काय म्हणाला तो पोरीला?" लोरेटानं वीणाला विचारलं. वीणानं सांगितलं.

लोरेटा गिरीशकडे वळली. "मिस्टर, ती तिथेच बसलीय. मधे एक खुर्ची आहे. तिची बस अजून सुटलेली नाही. तुम्हीच सांगा."

"इट्स ओके," दीपा घाईघाईनं म्हणाली. "आय कॅन डू इट. आय ऑलवेज डू इट."

"आय नो यू कॅन, बेबी," लोरेटा म्हणाली. "ईट युअर लंच."

गिरीश काही बोलला नाही. ते त्याला चांगलं जमायचं. शांतता इतकी लांबली की मावशींना राहवेना. त्यांना शांततेचा तिटकारा होता.

"प्रतिमा, हिला विचार, हिचा नवरा कुठंय?"

"मावशी विचारतात, घरी सगळे बरे आहेत ना?"

लोरेटा हसली. "नवऱ्याचं विचारलं त्यांनी. 'नवरा कुठंय' विचारताना जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं तोंड असंच होतं. माझी आजी असंच करायची. सांगा त्यांना, पळाला. सत्त्याहत्तर साली. माझी गाडी घेऊन."

प्रतिमानं सांगितलं. मावशींनी घास थांबवला.

"आणि गाडीचं काय झालं?"

हे प्रतिमानं जसंच्या तसं विचारलं, कारण तिलाही जाणून घ्यायचं होतं.

लोरेटानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आठ वर्षांत हे विचारणारी ही पहिली बाई. सगळे त्याचंच विचारतात. अहो, त्याच्यापेक्षा गाडी चांगली होती! पुढच्या वर्षी शोधून काढली. त्याच्या नव्या बाईच्या दारात उभी होती. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. बसले आणि घेऊन आले. मागच्या सीटवर त्यांचं वाणसामान होतं, तेही आणलं."

"हीच का ती?" मावशींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"हीच."

मावशींना हे फार पसंत पडलं. "वाढ तिला श्रीखंड," त्या म्हणाल्या.

प्रकरण हाताबाहेर चाललंय हे नरेंद्रच्या लक्षात आलं. तो उठून बैठकीतून पत्र घेऊन आला, आणि सर्जरीच्या आधी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा त्या आवाजात मराठीत बोलू लागला. वीणानं हट्ट सोडावा. डब्लिनला परत जावं. नाहीतर नाइलाजानं या पत्रावर सही करावी लागेल आणि दीपा हातची जाईल.

वीणानं पत्र वाचलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज हलला नाही. "दादा, तू ते घर पाहिलंयस?"

"पाहायची गरज नाही. अशी घरं कशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे."

"कशी असतात?"

नरेंद्रनं लोरेटाकडे एकदा पाहिलं आणि तिला मराठी येत नाही या भरवशावर बोलून गेला. "ही बाई स्वतःचा नवरा टिकवू शकली नाही. तीन पोरं, त्यांचे तीन बाप असतील. सरकारच्या चेकवर जगायचं आणि मजा करायची. तू हिच्या सावलीत राहिलीस तर उद्या दीपाही हेच शिकेल."

लोरेटानं चमचा खाली ठेवला. "हे माझ्याबद्दल होतं. काय म्हणाले ते?"

"काही नाही. लीव्ह इट," वीणा म्हणाली.

लोरेटा वीणाकडे पाहत नव्हती, प्रतिमाकडे पाहत होती. आणि प्रतिमाला एकदम जाणवलं की लग्न झाल्यापासून आपण हेच करत आलोय. नरेंद्र खेकसला की समोरच्याला सांगायचं, ते दमलेत. सासूबाई टाकून बोलल्या की पाहुण्यांना सांगायचं, त्यांना तुमची काळजी वाटते. दीपाला निदान जसंच्या तसं सांगायची सवय होती. आपण तर मजकूरही बदलतो.

तिनं झारा खाली ठेवला आणि नरेंद्रचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. नवरा, तीन पोरं, तीन बाप, चेक, मजा, सावली. काही गाळलं नाही. आवाजसुद्धा त्याचाच काढला.

"प्रतिमा!" नरेंद्र ओरडला.

"व्याकरण चुकलं का?" प्रतिमानं विचारलं.

लोरेटानं शांतपणे श्रीखंडाचा घास गिळला. "तीन बाप नाहीत. एकच. तिन्ही वेळा तोच गाढव. मला लाज वाटत असेल तर त्याचीच वाटते. आणि सरकारी चेक येतो, दर दोन आठवड्यांनी, बस चालवते म्हणून. वेल्फेअरचाही घेतलाय. दीड वर्ष. धाकटी तान्ही होती. त्याचं दूध आणलं, पोरं प्यायली, वाढली. मजा म्हणाल तर," ती विचारात पडली, "अठ्ठ्याहत्तर साली एकदा अटलांटिक सिटीला गेले होते. पाऊस पडला."

मावशी प्रतिमाची बाही ओढत होत्या. त्यांना प्रत्येक वाक्य हवं होतं, आणि प्रतिमा देत होती.

नरेंद्रचे कान लाल झाले. तो वाईट माणूस नव्हता. वाईट दिसलो हे कळलं की तो लगेच चांगलं दिसायला धावायचा. "नो, नो, प्लीज," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या मनात फार आदर आहे. मी हॉस्पिटलमध्ये तुमच्या बायका रोज बघतो. व्हेरी स्ट्राँग. काहीही सोसतात. आमच्या बायकांना ते जमणार नाही."

लोरेटाचा चेहरा आता पहिल्यांदा बदलला. बापांच्या वेळी बदलला नव्हता, चेकच्या वेळी बदलला नव्हता.

"तुम्ही कसले डॉक्टर?"

"अ‍ॅनेस्थेशिया."

"अच्छा. भूल देणारे." तिनं मान डोलावली. "मग ऐका. शहात्तर साली धाकटी व्हायच्या वेळी मी अकरा तास इंजेक्शन मागत होते. एक तरुण डॉक्टर आला. आवाज फार गोड, तुमच्यासारखाच. माझा खांदा थोपटून म्हणाला, 'यू आर अ स्ट्राँग गर्ल.' आणि पडद्यापलीकडच्या गोऱ्या मुलीला इंजेक्शन देऊन गेला. ती काही माझ्याहून जास्त ओरडत नव्हती. मी लक्ष देऊन ऐकत होते, दुसरं कामच नव्हतं. तेव्हापासून कोणी मला स्ट्राँग म्हटलं की मी आधी बघते, हा काय द्यायचं टाळतोय."

नरेंद्रनं हातातल्या पुरीचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांचे तुकडे केले. याच टेबलावर बसून तो कितीदा म्हणाला होता, या लोकांना कमी दुखतं, त्यांची टॉलरन्स जास्त असते. आणि आपण कढी वाढत 'हो का?' म्हणालो होतो, हे प्रतिमाला आठवलं.

"काय म्हणाली? काय म्हणाली?" मावशी.

प्रतिमा सांगू लागली आणि एका शब्दाशी अडली. स्ट्राँगला काय म्हणायचं? दणकट नव्हे. मजबूत नव्हे. मग तिला शब्द सापडला. त्यांच्या घरात तो कायम असायचाच.

"तो डॉक्टर तिला म्हणाला, तू धीराची आहेस."

 मावशींनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, परत घातला.

"नरेन," त्या म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. पदरात दोन पोरं. तुझी आई आल्यागेल्याला सांगायची, आमची सरला फार धीराची हो. पत्रात लिहायची, तू धीराची आहेस. मी एकदा लिहिलं, मला ताप येतोय, महिनाभर पोरांना घेऊन जा. तिचं उत्तर आलं, तू धीराची आहेस, निभावशील." त्यांनी ताट पुढे सारलं. "धीराची म्हटलं की म्हणणाऱ्याचं काम संपतं."

"मावशी, आईची काही अडचण असेल तेव्हा."

"तुझ्या आईकडे तेव्हा तीन नोकर होते. अडचण कसली? मी निभावलं हीच तिची सोय." मग लोरेटाकडे वळून म्हणाल्या, "हिला सांग, शहाणी आहेस. आता हिची जात कोणती ते काही मी विचारत नाही. इथे विचारत नाहीत म्हणे."

प्रतिमानं तेही सांगितलं. आता गाळायचं नाही असं ठरलंच होतं.

"बस ड्रायव्हर," लोरेटा म्हणाली.

गिरीशनं खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडून नरेंद्रसमोर ठेवलं. "दादा, माझं विमान साडेपाचला आहे."

नरेंद्र पत्राकडे बघत राहिला. प्रतिमाला वाटलं, नाही करणार. पण त्यानं शब्द दिला होता, आणि बायकांनी भर टेबलावर त्याला उघडं पाडलं होतं. एका गोष्टीला जागून आणि दुसरीचा सूड म्हणून त्यानं सही केली. मग पत्र प्रतिमाकडे सरकवलं.

"मी नाही करणार," प्रतिमा म्हणाली.

"विचार करून बोल."

"केला. यात लिहिलंय की आम्हाला त्या घराची माहिती आहे. मला नाही. मी ऑगस्टमध्ये गेले होते आणि चौकातून परत आले. गाडीची दारं लॉक केली आणि परत आले. हे लिहायचं असेल तर त्याखाली सही करते." वीणा तिच्याकडे बघत होती. प्रतिमानं लोरेटाकडे वळून तेच इंग्रजीत सांगितलं. 

"कुठला चौक? लाँड्रीचा?" लोरेटानं विचारलं.

"हो."

"तिथे मीही लॉक करते. पण मी घरी पोचते."

पहिल्यांदा वीणा हसली. मग मावशी हसल्या, न कळताच. गिरीश उठला, कोट चढवला, पत्राची घडी घातली. दारापाशी जाऊन थांबला. प्रतिमाकडे न पाहता म्हणाला, "दीपा, मामीला सांग, याचे परिणाम त्यांना कळतील."

दीपा खुर्चीवरून उतरली. तिची पाठ पुन्हा ताठ झाली, मान मामीकडे वळायला लागली. अर्ध्यावर थांबली. परत बापाकडे वळली.

"यू टेल हर," ती म्हणाली.  "शी इज राइट देअर."

गिरीश तसाच उभा राहिला. त्याच्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द आला नाही. प्रतिमाला त्या क्षणी त्याची जरा दयाच आली. इतकी वर्षं मधल्या माणसाकरवी बोलून त्याला सरळ बोलायची वाटच उरली नव्हती. तो गेला. टॅक्सी येईपर्यंत फुटपाथवर उभा होता, अर्धा तास. कोणी त्याला आत बोलावलं नाही, आणि तोही आला नाही.

निघताना गाडीपाशी प्रतिमा लोरेटाला म्हणाली, "काही लागलं तर सांगा हं."

"हे सगळेच म्हणतात," लोरेटा म्हणाली. "मंगळवार आणि गुरुवार, तीन ते साडेपाच. माझी शिफ्ट असते, वीणाची लॅब असते, थोरल्या मुलीची प्रॅक्टिस असते. थोरला आर्मीत, जर्मनीला. घरात दोन लहान पोरी एकट्या. ते लागतं."

प्रतिमानं तोंड उघडलं. मंगळवारी तिचं मंडळाचं काम असायचं, गुरुवारी वाणसामान. "येते," ती म्हणाली.

नरेंद्रनं दोन दिवस अबोला धरला. पण त्याला गिरीशची सर नव्हती. तिसऱ्या दिवशी मोजे सापडेनात, आणि बोलावं लागलं. त्यानंतर एका सकाळी दाढी करता करता त्यानं आरशातूनच विचारलं, "त्या बाईनं हॉस्पिटलचं नाव सांगितलं का? शहात्तर सालचं?"

"नाही. का?"

"काही नाही. तेव्हा मीही हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होतो." ब्रश तसाच हातात होता. गालावरचा फेस वाळत चालला होता. "आम्ही सगळेच म्हणायचो तसं."

प्रतिमानं विचारलं नाही. त्यानंही लोरेटाला कधी विचारलं नाही. पण सुनावणीच्या दिवशी तो सुट्टी काढून आला. गिरीशच्या वकिलानं पत्र पुढे केलं, तेव्हा जजबाईंनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही या घरात कधी गेला होता?" नरेंद्रनं वीणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही. कधीच नाही. मी न बघताच सही केली." आवाज गोड नव्हता. प्रतिमानं सांगितलं, मी आठवड्यातून दोन दिवस जाते, पोरींना गणित शिकवते, दीपा आता जेवताना गप्पा मारते आणि त्याचा त्रास होतो. दीपा आईकडे राहिली. गिरीशला शाळेच्या सुट्ट्यांपुरती दीपा मिळाली आणि दर रविवारी एक फोन. फोनवर मधे कोणी नसतं, त्यामुळे त्याला बोलावं लागे. सुरुवातीला हवामानावर बोलायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी लोरेटा शिफ्ट संपवून पाच वाजताच घरी आली. बसचं जॅकेट तिनं खुर्चीवर टाकलं. स्वयंपाकघरात प्रतिमा दोन्ही पोरींना भागाकार शिकवत होती. दीपा एकीकडे, लोरेटाची धाकटी दुसरीकडे, मधे उपम्याच्या बश्या.

"मी अर्धा तास आत पडते," लोरेटा म्हणाली. "या अर्ध्या तासात मी कोणाची आई नाही, कोणाची मुलगी नाही, धीराची तर मुळीच नाही."

"जा," प्रतिमा म्हणाली.

दार लागलं. पाच मिनिटांत धाकटी पेन्सिल टाकून उठली. तिला आईला काहीतरी दाखवायचं होतं, आत्ताच, लगेच. प्रतिमा जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मॉम कुठाय?"

"घरी नाहीये."

पोरीनं मान तिरकी करून कान दिला. दारामागून घोरण्याचा आवाज येत होता, एखादी मोठी बस चढावर लागावी तसा.

"आय कॅन हिअर हर."

"ऐकू येत असेल," प्रतिमा म्हणाली. "पण घरी नाहीये."